वजनमापे निरीक्षकाचं पोट

आमच्या घराण्यात पोट वडिलोपार्जित आहे. कुणाकडे जमीन येते, कुणाकडे गाता गळा येतो, आमच्याकडे पोट येतं, आणि पस्तिशी ओलांडली की ते न मागता ताब्यात मिळतं. आजोबांना होतं, बाबांना होतं, दादाला आहे आणि मलाही आहे. लोक ज्याला ढेरी म्हणतात ती वेगळी. ढेरी लोंबते. आमचं पोट पुढे येतं आणि ताठ येतं. दादा हेडमास्तर होता तेव्हा शाळेच्या व्हरांड्याच्या वळणावर आधी त्याचं पोट दिसायचं आणि मागून दादा. या दोन घटनांच्या मधल्या वेळात अख्खी शाळा चिडीचूप झालेली असायची. छडीचं काम पोटाने करणारा हेडमास्तर मी दुसरा पाहिला नाही, आणि तो माझा सख्खा भाऊ आहे याचा मला अभिमान आहे.

मी स्वतः वजनमापे निरीक्षक आहे. दुकानातले काटे, वजनं, मापं तपासायची, बरोबर असतील तर सरकारी शिक्का मारायचा, खोटी असतील तर सील ठोकायचं, हे माझं काम. मी बाजारात शिरलो की व्यापाऱ्यांचे हात आपोआप काट्याच्या पारड्यावरून फडकं फिरवू लागतात. माझ्या हद्दीत किलो म्हणजे किलो. उगाच फुशारकी मारायची सवय मला नाही, पण खरं ते सांगायला काय हरकत आहे?

तर असा मी एका रविवारी आरामखुर्चीत, लोणी लावलेल्या टोस्टची बशी पोटावर ठेवून पेपर वाचत होतो. पोटावर बशी ठेवता येणं ही सोय ज्यांना नाही त्यांना तिचं मोल कळणार नाही. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. फोन बायकोने घेतला. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली, तेव्हाच मी बशी खाली ठेवली.

दादाला हल्ली जिना चढताना मध्येच थांबावं लागत होतं. चेहरा पांढरा पडला होता. तपासणीत रक्त कमी निघालं, आणि ते रक्त कुठे जातं ते शोधताना शौचातून थोडं थोडं जात असल्याचं कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, दुर्बिणीने मोठं आतडं बघायला हवं, लगेच. आणि दादा म्हणाला होता, मूळव्याध आहे, गरम पडलं असेल, विषय संपला.

आमचे बाबा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. तेसुद्धा आधी मूळव्याधच म्हणत होते. कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वहिनी फोनवर रडत होत्या त्या यामुळे, आणि माझी बायको भिंतीला टेकली तीही यामुळेच.

आम्ही तडक दादाकडे गेलो. तो सोफ्यावर बसला होता. बसलेला असूनही त्याला दम लागला होता, पण आवाज तोच.

"दादा, दुर्बीण करून घे," मी म्हणालो.

"तू केलीस?"

"मला काही होत नाहीये."

"मलाही काही होत नाहीये. होतंय ते डॉक्टरला."

"दादा, बाबांचं आठवतंय ना?"

"बाबा तुझेही होते," दादा म्हणाला. "पोट तुझंही आहे. माझ्यापेक्षा बोटभर जास्तच आहे. मग आधी तू करून ये. तू करून आलास की दुसऱ्या दिवशी मी जातो. हेडमास्तरचा शब्द आहे."

हा शब्द त्याने फार विचार करून दिला होता. शाळेत लस टोचायला बाई आल्या तेव्हा मी रांगेत उभ्या उभ्या चक्कर येऊन पडलो होतो, तेही माझ्या पुढे बरीच मुलं असताना. हा काही दुर्बीण घालून घेणार नाही याची दादाला खात्री होती. मला स्वतःलाही होती. मी "बघतो" म्हणण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात माझी बायको म्हणाली, "ठरलं. हे या महिन्यात करून घेतील." वहिनींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी छाती पुढे काढली. आमच्याकडे छाती पुढे काढली तरी ती पोटाच्या मागेच राहते, पण भावना पोचली.

*

पोटाच्या डॉक्टर म्हणजे एक सडपातळ, तरुण बाई निघाल्या. त्यांचं केंद्र छोटंसं होतं: बाहेर बाकं, आत एक तपासणीची खोली, मध्ये पडदा. त्यांनी वडिलांचं विचारलं, दादाचं विचारलं आणि म्हणाल्या, "भावाने सांगितलं नसतं तरी तुम्ही यायलाच हवं होतं. वडिलांना होता म्हणजे तुम्ही दोघंही आमच्याच दारातले." मग त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि आतल्या बाजूला एक टेंगूळ काढलं. "हा पॉलिप. अस्तरावर चामखिळीसारखा उगवतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. बहुतेक तसेच राहतात. काही मात्र वर्षानुवर्षं वाढत जाऊन कॅन्सरकडे वळतात. आधी सापडला तर दुर्बिणीतूनच कापून काढता येतो."

"आणि तो कुणाला होतो?" बायकोने विचारलं. प्रश्न तिने डॉक्टरांना विचारला पण बघत माझ्याकडे होती.

"कुणालाही होऊ शकतो, बारीक माणसालाही. पण वय, घरातला इतिहास, आणि…" डॉक्टर माझ्या मध्यभागाकडे बघून थांबल्या. "पोटाभोवतीची चरबी. ती नुसती बसून राहत नाही, शरीरात उद्योग करत असते. नुसत्या वजनापेक्षा कमरेचा घेर जास्त सांगून जातो. शिवाय खाणं. भाज्या, फळं, सालीसकट धान्य कमी; लाल मांस, सॉसेज, हॅम जास्त; वर दारू, सिगारेट, बसून काम. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, पण हे सगळं धोक्याच्या पारड्यात पडत जातं. तुम्ही वजनमापंवाले ना? तुम्हाला पारड्याचं काय सांगायचं!"

"दारू, सिगारेट नाही," मी ताठ मानेने म्हणालो.

"सॉसेज आहे," बायको म्हणाली. "रोज सकाळी आहे. भाजी ताटाच्या कडेला लावून ठेवतात, शोभेला."

मग डॉक्टरांनी माझा घेर मोजला. कापडी टेपने मोजला. कापडी टेप ताणतो, सैल पडतो, त्यावर शिक्का नसतो. तरीही मी गप्प बसलो. पण नंतर त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि काट्याने जो आकडा दाखवला तो पाहून माझा संयम सुटला. तो आकडा मी इथे देणार नाही. एवढंच सांगतो की तो माणसाचा वाटत नव्हता. मी खाली उतरलो, वाकलो, म्हणजे जेवढं वाकता येतं तेवढं, आणि काट्याच्या बुडाशी शिक्का पाहिला. मुदत उलटून गेली होती!

"डॉक्टर," मी म्हणालो, आणि माझा आवाज बाजारातला झाला, "हा काटा बेकायदेशीर आहे."

"अहो," बायको म्हणाली.

पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. तार आणि शिशाचं सील माझ्या बॅगेत असतंच. मी काट्याला तिथल्या तिथे सील ठोकलं, पंचनामा लिहिला, पंच म्हणून कंपाउंडरची सही घेतली. बाकांवरचे रुग्ण माना उंचावून बघत होते. डॉक्टर हात बांधून शांतपणे उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या तपासणीच्या दिवशी हा लागेल हं."

"रीतसर अर्ज करा, पडताळणी होईल," मी म्हणालो आणि बाहेर पडलो. पोट काय, सगळं अंग अभिमानाने फुगलं होतं. बायको मात्र रस्ताभर माझ्यापुढे चार पावलं चालत होती.

*

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना सगळी इमारत सर्वज्ञ म्हणते. ते पूर्वी नक्की काय करत होते ते कुणालाच माहीत नाही, पण त्यांना माहीत नाही असंही काही नाही. माझी बातमी त्यांना कशी लागली देव जाणे. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दिवाणखान्यात हजर.

"दुर्बीण म्हणजे काय, आतली रस्तेपाहणी आहे," ते म्हणाले. "साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर आपण रस्ता झाडून ठेवतो की नाही? तसं आतडं झाडायचं. तंतू! साल, बिया, कोंडा, कच्च्या पालेभाज्या. आठवडाभर नुसतं हेच. तंतू म्हणजे आतड्याचा खराटा."

मला हे एकदम पटलं. डॉक्टरांनीही तंतूंचीच बाजू घेतली होती. शिवाय मी एक गोष्ट हाती घेतली की अर्धवट सोडत नाही. त्या दिवसापासून सॉसेज बंद. सकाळी कोंड्याचा पाव, दुपारी सालीसकट काकडी, टोमॅटो, मक्याचे दाणे, संध्याकाळी तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया. सर्वज्ञ रोज येऊन तपासून जात. तीन दिवस मी बकरीसारखा चरलो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिलो. पोटातून चित्रविचित्र आवाज येऊ लागले. तेही मला प्रगतीचे वाटले.

तपासणीच्या आदल्या दिवशी केंद्रातून नर्सबाईंचा फोन आला. "काय खाताय?"

मी छाती भरून यादी सांगितली. बियांपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तुम्हाला दिलेला कागद वाचला नाही का? शेवटचे चार दिवस बिया, साल, कोंडा, कच्ची भाजी, काही काही खायचं नाही! आतड्यात चिकटून बसतात, दुर्बिणीला दिसत काही नाही. तंतू जन्मभर खा, फक्त हे चार दिवस नको. आता पुढची तारीख."

कागद मी वाचला नव्हता. कागद पाहिला तेव्हा त्यावर केंद्राचा शिक्का वाकडा पडलेला दिसला, मग मी त्या शिक्क्याकडेच बघत बसलो होतो. माणसाच्या धंद्याचे असे तोटे असतात.

ही बातमी दादापर्यंत गेली. त्याचा फोन आला. "काय, घाबरलास ना?" तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं." आणि हसला. हसताना त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मग फोन वहिनींनी घेतला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, काल ते आंघोळीनंतर पलंगाच्या काठावर बसून राहिले. टॉवेलसुद्धा उचलवेना. लवकर करून घ्या हो."

मी फोन ठेवला. फार वाईट वाटलं. तीळ आणि जवस यांनी माझ्या भावाचे दिवस खाल्ले होते. सर्वज्ञ जिन्यात भेटले आणि म्हणाले, "म्हणजे बिया तुम्ही चावून नाही खाल्ल्या का?"

*

पुढची तारीख आली. या वेळी कागद बायकोने वाचला, मोठ्याने वाचला, आणि फ्रिजला चिकटवला. आदल्या दिवशी नुसतं पाणी, गाळलेला रस, पातळ सूप. आणि संध्याकाळी ते औषध. त्याची चव सांगायची तर समुद्रात कुणीतरी लिंबू पिळून तोंडात मारल्यासारखी. ते भांडंभर प्यायचं, थोड्या थोड्या वेळाने. पहिले काही पेले काहीच झालं नाही. मी बायकोला म्हणालोसुद्धा, "आमचं आतडं असल्या औषधाला दाद देणारं नाही." हे वाक्य मी संडासाच्या दारात पूर्ण केलं, कारण सुरुवात केली तेव्हा मी दिवाणखान्यात होतो.

पुढच्या प्रकाराचं वर्णन मी करणार नाही. सभ्य माणसाने काही गोष्टी स्वतःपुरत्या ठेवाव्यात. इतकंच सांगतो की सकाळी मी अगदी पारदर्शक झालो होतो. इतका स्वच्छ कारभार आमच्या खात्यातही कधी झाला नसेल.

केंद्रात त्यांनी मला मागून उघडा असलेला एक झगा दिला. ज्या माणसाच्या येण्याने बाजार सावरून बसतो, त्याला मागून उघडा झगा! मी दोन्ही हात मागे बांधून, गंभीर चेहऱ्याने, पाहणीला आल्यासारखा उभा राहिलो. तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आले. जाड भिंगांचे, अतिशय सावकाश बोलणारे.

"वजन?"

"असं अंदाजे…" नर्स म्हणाली.

"अंदाजे भूल देत नाही मी," ते म्हणाले. "वजन आज, इथे, काट्यावर."

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या काट्याकडे पाहिलं. त्याला माझं सील होतं. शिशावर माझ्या हाताचे ठसे अजून ताजे वाटत होते.

"पडताळणीचा अर्ज केला होता का?" मी विचारलं.

"त्याच दिवशी केला," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसात."

मी सहायकाला फोन लावला. सहायक म्हणाला, "अर्ज आहे ना साहेब, तुमच्याच टेबलावर. कार्यवाही करणारे अधिकारी रजेवर आहेत." रजेवरचा अधिकारी म्हणजे मी. रजा याच तपासणीसाठी घेतली होती, बिया खायला लागलो त्या दिवसापासूनच. सरकारी कामाला उशीर का लागतो असं लोक विचारतात. त्याचं उत्तर मला त्या झग्यात मिळालं.

"दुसरा काटा आहे का?" बायकोने विचारलं.

"आहे," नर्स म्हणाली. "तान्ह्या बाळांचा."

मी सहायकाला म्हटलं, प्रमाण वजनं घेऊन जीपने इथे ये. तो आला. ऑफिसातली पितळी आणि लोखंडी वजनं तपासणीच्या खोलीत एकामागून एक येऊ लागली. मी झग्यात उभा राहून सूचना देत होतो, मध्येच "आलोच" म्हणून आत पळत होतो, परत येत होतो. माझ्यामागे दार आपटण्याचा आवाज झाला की सहायक वजन हातात धरून थांबायचा आणि छताकडे बघायचा. माणूस चांगला आहे, पुढच्या बढतीत त्याचं बघितलं पाहिजे.

शेवटी सगळी वजनं चढली. सहायकाने आकडा वाचला आणि चेहरा पाडला.

"साहेब, काटा चुकतोय."

"मी म्हटलं नव्हतं!" मी डॉक्टरांकडे वळलो. अभिमानाने ऊर भरून आला. "माझ्यावर अन्याय झाला होता!"

"नाही साहेब," सहायक म्हणाला. "कमी दाखवतोय. पावणेदोन किलो कमी."

नर्सने पाठ फिरवली, तिचे खांदे हलत होते. काटा चुकत होता तो माझ्या बाजूने चुकत होता. आणि चुकणारा काटा दुरुस्तीशिवाय वापरायला देणं माझ्या हातून होणार नव्हतं, मग आभाळ कोसळो. सील पुन्हा लागलं, ते मीच लावलं. सहायक म्हणाला, "साहेब, आजचा दिवस सोडून द्या, पुढची तारीख घेऊ." डॉक्टर घड्याळ बघत म्हणाल्या, "अजून तासभर मी थांबू शकते." मी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर वहिनींचा फोन होता, मला स्पष्ट दिसला.

"समोर कुणाचं दुकान आहे?" मी विचारलं.

समोर भंगाराची वखार होती. तिथे लोखंड तोलायचा मोठा काटा होता. त्या काट्यावर अगदी ताजा शिक्का होता, हे मला ठाऊक होतं, कारण तो मीच मारला होता. आणि तो मारण्याआधी, त्याच काट्यात गडबड सापडली म्हणून, वखारवाल्या शेठवर मी खटला भरला होता.

मी अंगावर चादर लपेटली आणि रस्ता ओलांडला. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सहायक, मागून नर्स. हातगाडीवाले थांबले. शेठला मला ओळखायला क्षणभर लागला. ओळखलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की त्याने खटल्याचा खर्च तिथेच वसूल झाला असं मानलं असावं.

"या साहेब, या! ए, तो पत्रा बाजूला घ्या रे. साहेबांना तोलायचंय."

मी काट्यावर चढलो. वारा होता. मी चादर मागून घट्ट धरली.

"साहेब, हलू नका," शेठ अत्यंत नम्रपणे म्हणाला. "माल स्थिर झाल्याशिवाय आकडा धरायचा नाही, तुम्हीच शिकवलंत."

मी स्थिर झालो.

"आणि आकडा गिऱ्हाईकाला मोठ्याने वाचून दाखवायचा, हाही तुमचाच नियम." आणि त्याने वाचला. हातगाडीवाल्यांपर्यंत, समोरच्या न्हाव्यापर्यंत, पहिल्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईपर्यंत तो आकडा पोचला. कुणीतरी "बापरे" म्हणालं.

माझे कान तापले. असं वाटलं, चादर डोक्यावरून घ्यावी आणि घरी निघून जावं, सरळ. मी खाली उतरलो. आणि माझ्या लक्षात आलं की नर्सने आकडा लिहून घेतला होता, आकडा अचूक होता, आता मला थांबवणारं कुणी नव्हतं. "काटा उत्तम आहे, शेठ," मी म्हणालो. "असाच ठेवा." आणि चादरीतच ताठ मानेने रस्ता ओलांडून परत आलो. बायकोने माझा हात धरला होता. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने इतक्या कौतुकाने धरला नव्हता.

भूल छान लागली. जाग आली तेव्हा डॉक्टर शेजारी उभ्या होत्या. "दोन पॉलिप होते. दोन्ही काढले. एक मोठा होता, साधारण सेंटीमीटरभर."

"साधारण?" मी डोळे न उघडताच विचारलं. "कशाने मोजलं?"

"चिमट्याचं तोंड शेजारी धरून अंदाज करतो आम्ही."

आयुष्यभर "साधारण" म्हणणाऱ्यांना मी सोडलं नव्हतं. पण आत पंच कुठून आणणार? मी सोडून दिलं. "आणि आतडं इतकं स्वच्छ होतं," डॉक्टर म्हणाल्या, "की मी नर्सला बोलावून दाखवलं." हे मात्र मी त्यांच्याकडून कागदावर लिहून मागितलं. त्यांनी लिहून दिलं नाही, फोटो दिले.

*

फोटो घेऊन मी तसाच दादाकडे गेलो. गुळगुळीत, गुलाबी, जागोजागी चकाकणारं आतडं, आणि त्यात एका जागी छोट्या मशरूमसारखा पॉलिप. दादाने चष्मा लावून एकेक फोटो पाहिला, परीक्षेचे पेपर तपासतो तसा.

"भंगाराच्या काट्यावर चढलास म्हणे," तो म्हणाला.

"चढलो."

"झग्यात?"

"झग्यात. वर चादर होती."

दादाने फोटो मांडीवर ठेवले. मग चष्मा काढला. "लस टोचायला आले होते तेव्हा तू पडलास ना," तो म्हणाला, "तेव्हा तुला उचलून घरी मी आणलं होतं. वाटेत सारखा विचारत होतास, दादा, तुला टोचलं तेव्हा दुखलं का. मला काय दुखणार, हेडमास्तरच व्हायचं होतं मला. खोटं सांगितलं, नाही दुखलं म्हणून." तो फोटोकडे बघत राहिला. "दुखतं का रे हे?"

"नाही," मी म्हणालो. "खरंच नाही. फक्त औषध वाईट आहे, आणि झगा."

"उद्याच फोन करून माझी वेळ घे," दादा म्हणाला. वहिनी आतून धावतच बाहेर आल्या आणि तशाच पुन्हा आत गेल्या.

दादाच्या तपासणीच्या दिवशी केंद्रात नवा काटा होता, शिक्का मारलेला. मी तरी बघून घेतला. दादाला आत नेलं तेव्हा दार बंद होण्याआधी त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस त्या झग्यात एकाएकी फार लहान दिसला. मला बाबा आठवले. मी बाकावर बसून राहिलो, बायको एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला. दोघींनी माझे दोन्ही हात धरून ठेवले होते, त्यामुळे नाक पुसायची सोय नव्हती.

माझे दोन्ही पॉलिप साधेच निघाले. दादाच्या काढलेल्या तुकड्यांचा अहवाल यायला आठवडा लागला. तो ऐकायला आम्ही चौघंही डॉक्टरांच्या केबिनमध्ये कोंबून बसलो. दादा आणि मी शेजारी शेजारी, म्हणजे केबिन जवळजवळ भरलीच.

डॉक्टरांनी कागद वाचला, मग खाली ठेवला. "तीन पॉलिप होते. दोन साधे. तिसरा मोठा. त्यात बिघाड सुरू झाला होता." वहिनींनी पदर तोंडाशी नेला. "पण वरवर होता. बुडाशी, देठात, काही नाही. सगळा आला आहे. रक्त त्याच्यातूनच जात होतं, ते आता थांबेल. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. घेर मात्र दोघांनी कमी करायचा, आणि सॉसेज बंद." मग त्या सरळ दादाकडे बघून म्हणाल्या, "आणखी वर्षभर थांबला असतात, तर मला हे असं सांगता आलं नसतं."

वहिनी रडायला लागल्या. माझी बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःच रडत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दादा हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसला होता. त्याचं पोट हळूहळू वरखाली होत होतं.

मग त्याने मान वर केली.

"याचे किती होते म्हणालात?"

"दोन," डॉक्टर म्हणाल्या.

दादा माझ्याकडे वळला. डोळे भरलेले होते, पण मान हेडमास्तरची होती.

"माझे तीन," तो म्हणाला. "शेवटी मी थोरला आहे."

"आहेसच," मी म्हणालो.